पाढेबाई आणि आत्याची पत्रं

पंधरा वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवून झाल्यावर, एक्केचाळिसाव्या वर्षी बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. मानसशास्त्राची पदवी त्यांनी घरचं सगळं आटपून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं मांडून मिळवली होती. आता राहिलं होतं सहा महिन्यांचं प्रत्यक्ष काम, आणि ते त्यांना लहान मुलांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मिळालं. नवरा वीजखात्यात होता. तो म्हणाला, "जमेल तुला." सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तिथे कोणाला बाकावर उभं करू नकोस." सासूबाईंनी मात्र सून डॉक्टर झाल्याचं सगळ्या मजल्यावर सांगून टाकलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचा खोकणारा नातू दारात आणून उभा केला.

"अहो आई, मी तसली डॉक्टर नाही."

"मग कसली?"

बाईंना ते नीट सांगता येईना. पहिले दोन महिने हॉस्पिटलातही कोणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्यांचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता, एक्स-रेच्या पुढच्या खोलीत. पूर्वी तिथे चादरी ठेवत. दारावर नवी पाटी लागली होती, पण धुलाईची माणसं अजून सवयीने दार ढकलत आणि खेळण्यांच्या फडताळाशी गाठोडं टाकून निघून जात. खोलीतल्या खुर्च्या लहान मुलांच्या मापाच्या. त्यांवर बसलं की गुडघे हनुवटीला लागत, आणि त्या अवस्थेत आईबापांशी गंभीर बोलायचं असे.

विभागप्रमुख मॅडम बाईंपेक्षा दोन वर्षांनी लहान होत्या. स्वभाव शांत, कधी आवाज चढला नाही. पण काहीही विचारलं की उलट विचारत, "तुम्हाला काय वाटतं?" बाईंना आयुष्यभर सवय होती उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असण्याची. एकदा न राहवून त्या म्हणाल्या, "मला वाटलं असतं तर तुम्हाला विचारलं नसतं." मॅडम हसल्या. उत्तर काही मिळालं नाही.

'पाढेबाई' हे नाव पडलं ते पहिल्या आठवड्यात. एका सहा वर्षांच्या पोराला सलाईनची सुई लावायची होती. दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि पोराची आई मिळून त्याला धरू शकत नव्हते. त्याचं लक्ष दुसरीकडे वळवा, असं कोणीतरी बाईंना सांगितलं. बाई पुस्तकात वाचलेले सगळे उपाय त्या क्षणी पार विसरल्या आणि तोंडातून निघालं, "तेराचा पाढा म्हण." पोरगा रडता रडता थांबून त्यांच्याकडे पाहतच राहिला. "मी पहिलीत आहे," तो म्हणाला. तेवढ्यात सुई लागली. सिस्टरांनी हे नाव वॉर्डभर केलं. बाईंना हे आपलं यश की फजिती, ते ठरवता आलं नाही.

तिसऱ्या महिन्यात त्यांना हाडांच्या वॉर्डातली सात नंबरची खाट दिली गेली. दहा वर्षांची मुलगी. अंगाने बारीक, म्हणून घरचे तिला टिकली म्हणत. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला दोरी बांधून टोकाला वजन लोंबत सोडलेलं. बारा दिवस ती तशी उताणी होती आणि अजून महिनाभर तसंच राहायचं होतं. फाइलीत लिहिलं होतं की मुलगी शहाणी आहे, त्रास देत नाही, पण झोपत नाही.

तिची आई वॉर्डाबाहेर बाईंना म्हणाली, "आत जाण्याआधी एक सांगायचंय." मग जे सांगितलं ते असं. टिकली आत्याच्या स्कूटरवर मागे बसून पोहण्याच्या वर्गाला चालली होती. वळणावर ट्रकने उडवलं. आत्या जागच्या जागी गेली. टिकलीला ते सांगितलेलं नाही. आत्या दुसऱ्या हॉस्पिटलात आहे, जबड्याला टाके आहेत, बोलता येत नाही, फोनही चालत नाही, असं सांगितलंय. "तिचा पाय सुटेपर्यंत तरी," आई म्हणाली. "यांनी ठरवलंय. आत्या म्हणजे यांची धाकटी बहीण. आमच्यातच राहायची. शिवणयंत्रं दुरुस्त करायची. पोरीला आमच्यापेक्षा तिचा लळा जास्त."

"आणि आत्याबद्दल तिने विचारलं तर?"

"आत्याची पत्रं आणतात ना हे," आई म्हणाली.

पत्रं बाईंनी आत गेल्यावर पाहिली. टिकलीने ती उशीखाली नीट घडी करून ठेवली होती, पाच की सहा. वडील पाणीपुरवठ्याच्या कचेरीत वरिष्ठ कारकून होते. रोज संध्याकाळी पाचला ते यायचे आणि एक दिवसाआड आत्याचं पत्र आणायचे. बाईंनी पहिलंच उघडलं. "प्रिय टिकली, माझी प्रकृती समाधानकारक आहे. टाके यथावकाश काढण्यात येतील. तरी तू काळजी करू नये. तुझ्या पायाची योग्य ती निगा राखावी. कळावे, तुझी आत्या."

बाईंनी वर पाहिलं. टिकली त्यांच्याच तोंडाकडे बघत होती.

"छान आहे पत्र," बाई म्हणाल्या.

"हो," टिकली म्हणाली. "मी उत्तरं पण लिहिते."

पहिल्या तीन भेटींत दोघी सापशिडी खेळल्या. टिकली उताणी असल्यामुळे पट बाईंनी वर धरायचा आणि सोंगट्या बोटाने दाबून ठेवायच्या. चौथ्या भेटीत पट धरून धरून बाईंच्या हाताला रग लागली होती, आई चहाला गेली होती, आणि टिकली छताकडे बघत म्हणाली, "आत्या वारली ना?"

बाईंच्या हातून सोंगट्या सुटल्या.

"तुम्ही सांगू नका," टिकली म्हणाली. "मला माहितीये. मी पाहिलं. ती रस्त्यावर माझ्या बाजूलाच होती. डोळे उघडे होते पण पापणी हलत नव्हती. मी वीसपर्यंत मोजलं. मग परत वीसपर्यंत."

"मग तू उत्तरं कशाला लिहितेस?"

"बाबांना पत्र लिहिताना बरं वाटत असेल. आल्यावर ते मला वाचून दाखवतात, तेव्हा त्यांचा आवाज जरा नीट असतो. एरवी नसतो." मग तिने मान वळवली. "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. पंधरा वर्षांत शेकडो पोरांनी त्यांना असं विचारलं होतं आणि त्यांनी असंच उत्तर दिलं होतं.

बुधवारी मॅडमपुढे केस मांडताना त्यांच्या लक्षात आलं की मॅडम लिहायच्या थांबल्या आहेत.

"तिला कबूल करताना तुमच्या मनात काय होतं?"

"काही नव्हतं. तोंडातून गेलं."

"मला सांगितलंत म्हणजे ते वचन एकदा मोडलंच की." मॅडम हे टोचून बोलल्या नाहीत, पण बाईंना ते लागलं. "पुढच्या वेळी आधीच सांगायचं, की मी माझ्या वरिष्ठांशी बोलते. आता तिला जाऊन तेवढं सांगा. बाकी, तिला कळलंय हे घरी कधी सांगायचं ते तिला ठरवू द्या. वडिलांना आपण सर्वसाधारणपणे सांगू शकतो की मुलांपासून मृत्यू लपवू नये. त्यापलीकडे नाही."

"म्हणजे मी सांगायचं की नाही सांगायचं?"

"तुम्हाला काय वाटतं?"

बाई जिन्यावर येऊन उभ्या राहिल्या. बाप मुलीपासून लपवत होता. मुलगी बापापासून लपवत होती. दोघंही एकमेकांसाठी. आणि त्या दोघांपासून काहीतरी लपवत मधे उभ्या होत्या स्वतः बाई. यातलं नेमकं दुरुस्त काय करायचं, त्यांना कळेना.

त्यांनी टिकलीला मॅडमबद्दल सांगितलं. तिने थोडा विचार करून ते चालवून घेतलं. "पण बाबांना नाही." वडिलांशीही बाई बोलल्या. मुलांना सांगितलेलं बरं असतं, असं पुस्तकातलं सगळं बोलून झालं. वडिलांनी अर्ज ऐकून घ्यावा तसं ऐकलं. "पाय सुटू दे," ते म्हणाले. "मग बघू."

खरा घोळ झाला तो पुढच्या आठवड्यात. संध्याकाळी पाचला पाच कमी असताना वडील बाईंच्या खोलीत आले, लहान खुर्चीत बसले आणि गुडघ्यांवर हातरुमाल पसरून त्यावर एक कागद ठेवला. पत्राचा मसुदा होता.

"बाई, तुम्ही शिक्षिका होतात ना. मला काही सुचेनासं झालंय. काय लिहिणार दर वेळी? हे जरा बघता का? वाटतं का तिच्या आत्यासारखं?"

"मी तुमच्या बहिणीला ओळखत नव्हते हो."

"तेही खरं," ते म्हणाले, आणि कागद मागे घ्यायचं विसरले.

बाईंनी कागद वाचला. वाचताना हात पदराच्या पिनेजवळ अडकवलेल्या पेनाकडे कधी गेला त्यांना समजलं नाही. पंधरा वर्षांची सवय. त्यांनी 'कळावे' वर काट मारली. 'निगा राखावी' चं 'जप गं' केलं. वडिलांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां, हे असं बोलायची ती." ते उठून वॉर्डाकडे गेले. बाई खोलीत बसून राहिल्या आणि आपण आत्ता काय केलं याचा त्यांना हळूहळू उलगडा होत गेला.

दुसऱ्या दिवशी टिकलीने सापशिडी खेळायला नकार दिला.

"यात 'कळावे' नाहीये," ती म्हणाली. "'जप गं' आहे. बाबा 'जप गं' लिहीत नाहीत. हे तुम्ही लिहायला सांगितलंत."

"हो," बाई म्हणाल्या.

"मला कळलंय हे तुम्हाला तर माहिती होतं."

टिकलीने भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवस ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. बाई रोज जायच्या, स्टुलावर वीस मिनिटं बसायच्या आणि परत यायच्या. घरी मुलीने विचारलं, "काय झालंय तुला? भाजीत मीठ दोनदा पडलंय." नवऱ्याने विचारलं, "सोडायचंय का?" बाईंना तेही माहीत नव्हतं. शाळेत चुकलं की फळा पुसता यायचा, असं त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. सासूबाईंनी काही न विचारता त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. काट मारल्याचंही. आपल्याला काढून टाकतील अशी त्यांची खात्री होती. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मुलीला चुकलं म्हणून सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग?"

पाचव्या दिवशी बाई स्टुलावर बसल्या आणि भिंतीकडे तोंड करून असलेल्या टिकलीला म्हणाल्या, "माझं चुकलं. मी तुझ्या बाबांच्या पत्राला हात लावायला नको होता. त्यांना मदत करायला गेले आणि तुझा विचारच केला नाही. मला या कामातलं अजून पुष्कळ कळत नाही."

टिकलीने मान बाईंकडे वळवली. मग टिकलीने विचारलं, "कचेरीला अर्ज कसा लिहितात?"

बाई गोंधळल्या, पण हे निदान त्यांना येत होतं. वर प्रति, मग विषय, मग महोदय, मग वरील विषयास अनुसरून. टिकलीने पाठीखाली उशी मागून घेतली आणि पाटीएवढ्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून लिहायला लागली. बाईंना बघू दिलं नाही. लिहून झाल्यावर म्हणाली, "आज पाचला तुम्ही इथे थांबा."

"काय लिहिलंयस?"

"थांबा तर."

पाचला वडील आले. खिशात त्यांचं नवं पत्र होतं, पण टिकलीने आधी आपला कागद पुढे केला. "आत्याला उत्तर का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही. तुम्हाला." आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बाई स्टुलावर.

वडिलांनी चष्मा लावला आणि कचेरीत वाचतात तसं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "प्रति, माननीय बाबा, पाणीपुरवठा कार्यालय. विषय, आत्याची पत्रे बंद करणेबाबत." ते हसले. "महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की," आणि तिथे त्यांचा आवाज बंद झाला. पुढचं त्यांनी मनातल्या मनात वाचलं. ते बाईंनी नंतर पाहिलं. "आत्या वारली आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तरी आपण पत्रे लिहू नयेत. आपणास त्रास होतो. आजीला येऊ द्यावे. ती का येत नाही ते पण मला माहीत आहे. आपली, टिकली."

वडील कागद धरून उभेच राहिले. मग म्हणाले, "तारीख राहिली आहे."

"लिहिते," टिकली म्हणाली, आणि कागदासाठी हात पुढे केला. त्यांनी तो दिला नाही. त्यांचे खांदे हलायला लागले. आई पुढे झाली. बाईंनी या प्रसंगासाठी चार वाक्यं तयार करून ठेवली होती. त्यातलं एकही कुठे बसेना.

मग टिकलीच बोलली. "आता तुम्ही विचारणार ना, कसं झालं?"

"नाही विचारणार," वडील म्हणाले.

"आत्याचं हेल्मेट मी घातलं होतं. माझं घरी राहिलं. तिने तिचं मला दिलं."

"माहीत आहे मला," वडील म्हणाले. "पोलिसांनी ते माझ्याच हातात दिलं. तुझं कपाटावर मी टाकलं होतं, आदल्या दिवशी. तुला सापडलं नसेल."

"मी शोधलंच नाही," टिकली म्हणाली. "तो रंग मला आवडत नव्हता."

तिचा यात काही दोष नाही, असं इथे कोणीतरी म्हणायला हवं, हे बाईंना माहीत होतं. पुस्तकात ते जाड अक्षरात होतं. वडील म्हणाले नाहीत. ते खाटेच्या कडेला बसले आणि दोरी हलणार नाही अशा बेताने त्यांनी टिकलीच्या डोक्याखाली हात घातला. बापलेक रडले, मागून आईही रडली. बाई वाक्य तोंडात धरून बसून राहिल्या. शेवटी त्यांनी पडदा ओढून घेतला आणि बाहेर आल्या. ते बरोबर केलं की पळ काढला, यावर त्यांनी पुढे मॅडमशी दोन बुधवार वाद घातला.

आता टिकली झोपायला लागेल अशी बाईंची समजूत होती. झालं उलटंच. तिने तीन दिवस जेवण टाकलं, पाय जास्त दुखतो म्हणून ती ओरडायला लागली, आईवर वस्तू फेकायला लागली. वॉर्डाच्या सिस्टर बाईंना गाठून म्हणाल्या, "पाढेबाई, चांगली हसत होती पोर. काय केलंत तुम्ही?" बाईंना तरी कुठे माहीत होतं. त्यांनी मॅडमना विचारलं. मॅडमनी या वेळी प्रश्न उलट टाकला नाही. म्हणाल्या, "हेच असतं. आता ती रडते आहे. तोवर ती सांभाळत होती सगळ्यांना."

"हे बरं झालं म्हणायचं का?"

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. बाईंना आश्चर्य वाटलं आणि थोडा धीरही आला.

चौथ्या दिवशी आजी आली. आत्याची आई. इतके दिवस तिला घरीच ठेवलं होतं, कारण तिला डोळ्यांतलं पाणी आवरता येत नव्हतं. वॉर्डाच्या दाराशी बाईंना बघून तिने विचारलं, "तुम्हीच का त्या? माझ्या मुलाचं म्हणणं होतं पोरीला महिनाभर कळू द्यायचं नाही." बाई काही बोलणार तोच ती म्हणाली, "मला बसायला काहीतरी द्या." बाईंनी आपलं स्टूल दिलं. आजी राग धरून होती की नाही, ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. आजीने टिकलीच्या केसांचा गुंता सोडवायला घेतला आणि आत्या लहानपणी किती हट्टी होती ते सांगायला लागली. टिकली मधेच रडायची, मधेच पुढे काय झालं ते विचारायची. संध्याकाळी ती अर्धं ताट जेवली. सिस्टरांनी ते तक्त्यावर लिहिलं.

सहा महिने संपले तेव्हा बाईंना प्रत्येक केसचा अहवाल द्यायचा होता. छापील फॉर्मवर तीन चौकटी होत्या: सुधारणा, बदल नाही, बिघाड. टिकलीच्या फॉर्मवर त्यांनी आधी पहिल्या चौकटीत खूण केली, मग खोडली, मग शेवटच्या चौकटीपाशी पेन नेऊन थांबल्या. शेवटी तिन्ही रिकाम्या ठेवून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूला पानभर लिहिलं. 'जप गं' सकट. मॅडमनी वाचून सही केली आणि विचारलं, "पुढचं वर्ष इथेच राहता का? एक जागा आहे." बाईंनी घरी विचारून सांगते म्हटलं. घरी कोणी नको म्हणणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना फक्त एक दिवस हवा होता.

त्या राहिल्या. घरी सोडल्यानंतर अडीच महिन्यांनी टिकली तपासणीला आली, काखेत कुबड्या घेऊन. एक्स-रेबाहेरच्या बाकावर आईशेजारी बसली होती. बाई तिच्यापाशी गेल्या.

"झोप लागते का?"

"कधी कधी."

"बाबा कसे आहेत?"

"परवा भांडलो आम्ही. माझं हेल्मेट त्यांनी कोणाला तरी देऊन टाकलं, मला न विचारता." तिने कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला ते नकोच होतं. पण विचारायचं तरी."

"मग?"

"मग त्यांनी सॉरी म्हटलं. मग मी पण म्हटलं. माझं कशाबद्दल ते मला माहिती नाही."

बाई तिच्या शेजारी बसल्या. कंपाउंडरने तिचा नंबर पुकारला. टिकली उठली, आईचा हात नको म्हणाली, आणि सावकाश एक एक पाऊल टाकत एक्स-रेच्या दाराकडे निघाली.